गिटारीचं वय

आधी माझ्या नाकाबद्दल सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यानेच घातला.

कसालच्या बाजारात, हायवेला लागून माझं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे फळ्या, मागे फळ्या आणि मध्ये मी. तिथे बसून मी चाळीस वर्षं अमेरिकन इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त केल्या. सिंधुदुर्गात बसून अमेरिकन गिटारी, हे ऐकून बाहेरची माणसं आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "चालायचं का हो?" चालायचं. मुंबईहून गोव्याला आणि गोव्याहून मुंबईला जाणारा बँडवाला कसालला चहाला थांबतोच, आणि ज्याच्या गिटारीला काही ना काही झालेलं नाही असा बँडवाला अजून जन्माला यायचाय. शिवाय आमच्या किनाऱ्यावरची निम्मी माणसं बोटीवर नोकरीला. परत येताना कोणी अत्तर आणायचा, कोणी रेडिओ, कोणी गिटार. वाजवता कोणालाच यायची नाही, पण आणायची.

तर नाक. गिटारीची पेटी उघडली की पहिल्या वासाला मी साल सांगायचो. पेटीतल्या अस्तराचा वास, लाखेचा वास, वाजवणाऱ्याच्या घामाचा वास, हे सगळं वर्षावर्षाला बदलतं. एकदा तर गिटार टेम्पोत, टेम्पो ओरोसला, आणि मी इथे दुकानात बसून साल सांगितलं होतं म्हणतात. म्हणतात म्हणजे मुख्यतः मीच म्हणतो.

मूळ धंदा होड्यांचा. माझे वडील मिठबावला होड्या बांधायचे. मीही रंधा धरला तो तिथेच, किनाऱ्यावरच्या मांडवात. गिटार हातात आली ती पेद्रूबाबमुळे. पेद्रूबाब हा गोव्याचा वाजवणारा, तरुणपणी परदेशी प्रवासी बोटींवरच्या बँडमध्ये होता. त्याची गाडी कसालला बंद पडली आणि पावसाळी हवेने त्याच्या एका गिटारीची मान वाकलेली होती. कोणीतरी त्याला सांगितलं, इथे एक मेस्त्री आहे, वाकडं लाकूड सरळ करतो. गिटारीच्या मानेत एक लोखंडी सळई असते आणि ती चावीने पिळली की मान सरळ होते, हे मला ठाऊक नव्हतं. मी होडीची फळी शेकतात तशी ती मान शेकली आणि शिकंज्यात धरली. पेद्रूबाब तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मान सरळ झाली. तो म्हणाला, "देवान राखली." सळईचा शोध मला पुढे तीन वर्षांनी लागला.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इलेक्ट्रिक गिटारीला पोट नसतं. ती भरीव लाकडाची फळीच. त्या फळीला, म्हणजे धडाला, मान चार स्क्रूंनी बसवलेली. तारांखाली लोहचुंबक, ते तारेची थरथर पकडतात. आवाज कमीजास्त करायच्या घुंड्यांखाली पत्र्याच्या लहान डब्या असतात. आता गंमत ही, की अमेरिकन कारखान्यात प्रत्येक अवयवावर त्याची जन्मतारीख असते. मान सोडवली तर तिच्या बुंध्यावर शिक्का किंवा पेन्सिलीचा आकडा. डब्यांच्या पाठीवर बारीक नंबर, त्यात वर्ष आणि आठवडा. मागच्या पट्टीवरचा मोठा नंबर मात्र बघून सोडून द्यायचा. पट्ट्यांचा डबा उपडा करून हाताला येईल ती पट्टी लावलेली असायची.

साल कशाला हवं? कारण साल सांगितलं की लोकांना वाटतं गुण कळले. अमुक साल म्हणजे उत्तम, तमुक साल म्हणजे टाकाऊ. त्यात तथ्य आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या गिटारी मोजक्या हातांनी केलेल्या. मान धडात अशी बसलेली, की सांध्यात लग्नपत्रिकेची कडसुद्धा शिरायची नाही. पुढे मागणी वाढली, कापायची यंत्रं बोथट होईस्तोवर चालवली गेली, आणि सत्तरच्या दशकातल्या काही गिटारींच्या सांध्यात मी पत्रिका पाकिटासकट घालून दाखवलेली आहे. लाकूडही जड. एका गिटारीने माझं बाकडं मोडलं. नंतर संगणकाची यंत्रं आली आणि सांधे पुन्हा घट्ट झाले. पण देवगडच्या एकाच कलमाचे दोन आंबे सारखे निघत नाहीत, तिथे एका सालातल्या हजारो गिटारी सारख्या कशा निघतील? पेद्रूबाबची आवडती गिटार सगळ्यांनी नावं ठेवलेल्या वर्षांतली, सांध्यात फट, वजनाला पाटा. तिच्यावर तो वाजवायला लागला की समोरच्या हॉटेलातली भजी तळणारी बाई झारा हवेत धरून उभी राहायची. भजी करपायची. ती गिटार मात्र पेद्रूबाबने मला कधी उघडू दिली नाही. म्हणायचा, "डॉक्टर बरो म्हणून कोण पोट फाडून घेता काय रे?"

आणि जशी पेटीवर देवगड लिहून आत भलताच आंबा भरतात, तसे गिटारीतही भरणारे आहेत. मुंबईचा एक संग्राहक पांढऱ्या गाडीतून आला. त्याच्याकडे म्हणे अगदी पहिल्या वर्षांतली गिटार, रंग उडालेला, मान पिवळीजर्द. मला फक्त मान डोलवायची होती. मी गिटार फळीवर ठेवली, चहा सांगितला आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. चहा येईस्तोवर फळीच्या फटीतून मुंग्यांची रांग निघाली ती थेट गिटारीच्या मानेवर. म्हटलं, "साहेब, जुनी दिसायला हिला चहा पाजलाय ते ठीक, पण साखर कशाला घातलीत?" गृहस्थ आपला चहा न पिताच गेले. मुंग्यांची रांग कणकवलीपर्यंत गाडीमागे गेली असं मी सांगतो, त्यातली गाडी खरी आहे.

अशा दोनचार गोष्टी झाल्या की माणसाला स्वतःचं बोलणं फार आवडायला लागतं. मला लागलं होतं. त्या दिवसांत हमीदाचाची आली.

पंचाहत्तरीची बाई, देवगडहून एसटीने, मांडीवर गिटारीची पेटी घेऊन. दुकानात बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "मेस्त्रीनू, हिचां वय सांगशात काय?"

"तां तर माझा कामच, चाची. गिटार कोणाची?"

"नसीमच्या बापसाची. नसीम म्हणजे माझां चेडू. ती झाली तेव्हा हो बोटीर होतो, अमेरिकेच्या बंदरात. घराकडची तार गावली तसो दुकानात गेलो नि ही नवीकोरी घेतलान. घराक इलो अकरा महिन्यांनी. माका बोललो, ही आपल्या नसीमच्याच वयाची."

"मगे?"

"मगे माझो दीर बोललो, हो बोटीर नव्हतोच. अर्ध्यार उतरलो नि वर्सभर मुंबयत रवलो, दुसरीच्या घरात. गिटार थंयच्या जुन्या बाजारातली." ती पेटीच्या खटक्यावर अंगठा फिरवत होती. "पन्नास वर्सां विचारीन विचारीन केलंय. गेल्या महिन्यात नसीमचो बापूस गेलो. मेलल्या माणसाक विचारूक येणा नाय, म्हणान गिटारीक विचारूक इलंय."

शहाण्या माणसाने इथे हात जोडले असते. पण शेजारचा टायरवाला आणि खानावळीचा मालक गजाल ऐकायला येऊन उभे राहिले होते, आणि बघणारे असले की मला जास्त दिसतं.

पेटी उघडली. गिटार काळपट तपकिरी, हाताला चिकट. नाक पुढे केलं. वास ओळखीचा वाटला, बरा वाटला, पण त्यात साल काही सापडेना. तेवढ्यात खानावळीची मांजर आली आणि उघड्या पेटीत जाऊन बसली. मी हुसकली. ती परत आली. तिला तीनदा बाहेर टाकली आणि मग स्क्रू सोडवले.

मानेचा शिक्का नसीमच्या जन्माच्या दोन महिने आधीचा. धडावरचा आकडा त्याच्या वर्षभर आधीचा. आणि घुंड्यांखालच्या डब्या मानेहून तब्बल सहा वर्षं जुन्या. सांध्यात फटही होती. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं, आणि ते तयार झाल्या क्षणी माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

"चाची, ही नवी घेतलेली नाय. धड एका गिटारीचां, मान दुसऱ्या गिटारीची, आतले डबे तर सहा वर्सां आधीचे. वरसून कोणीतरी भलतोच रंग फासलेलो. जुन्या बाजारात अशे तुकडे जोडून विकतत."

"म्हणजे तो खोटां बोललो."

"मी काय सांगणंय नाय," मी टायरवाल्याकडे बघत म्हणालो, "गिटार सांगता."

हे वाक्य मला त्या वेळी फार छान वाटलं होतं.

हमीदाचाची रडली नाही, रागावली नाही. मी गिटार जुळवून दिली, तिने ती पेटीत ठेवली, खटके एकेक करून लावले. "बरां. कळला," म्हणाली. उठताना मात्र तिने पेटी छातीशी घेतली नाही, हातात लोंबकळत धरली आणि थांब्याकडे गेली. आणताना तसं धरलं नव्हतं, हे मी पाहिलं. आणि नंतर खानावळीत जाऊन आंबाड्याचं रायतं खाल्लं.

दोन वर्षं गेली. मग पेद्रूबाब आला. हात थरथरायला लागले होते, गिटारीची घुंडी खरखरत होती. त्याची ती आवडती, कधीच न उघडलेली गिटार त्याने फळीवर ठेवली. म्हणाला, "आतां फाड पोट."

घुंड्यांची पट्टी काढली, डब्यांच्या पाठीवर भिंग धरलं. तोच कारखाना, तोच नंबर, हमीदाचाचीच्या गिटारीत होता त्याच वर्षाचा, त्याच आठवड्याचा. मान सोडवली. मानेचा शिक्का सहा वर्षं नंतरचा. धडाचा आकडा मानेच्या आधीचा.

"पेद्रूबाब, ही तुम्ही कुठल्या जुन्या बाजारात घेतलीत?"

"कसलो जुनो बाजार? दुकानातली नवी. रंगाचा वास येत होतो. पावती बघ, अस्तराच्या आत आसा."

पावती होती. मानेवरच्या शिक्क्यानंतर तीन महिन्यांची.

"मग ह्या डब्या मानेच्या सहा वर्षं आधीच्या कशा?"

"कंपनीन एकदांच ढीग घेतलेलो आसतलो. संपेस्तोवर लायत रावले. तू खिळे घेता तेव्हां एकेक घेता?" त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कितें जालें रे मेस्त्री?"

मी उठून मागच्या बाजूला गेलो आणि हात धुतले, न मळलेले.

आमच्या मिठबावच्या मांडवात वडील फणसाचे ओंडके खाडीच्या चिखलात पुरून ठेवायचे. तीन-चार पावसाळे मुरू द्यायचे, मग फळ्या. होडीचा कणा एका सालच्या झाडाचा, फळ्या दुसऱ्या सालच्या, खिळे आजोबांच्या वेळचेसुद्धा. होडी मात्र नवीच. सर्वांत शेवटचा तुकडा लागल्याशिवाय ती होडी नसतेच, तेव्हा तिचं वय तिथून पुढे. हे मला गिटार कशाशी खातात हे कळण्याआधीपासून माहीत होतं. गिटारीचं वय धरायचं ते तिच्यातल्या सर्वांत धाकट्या अवयवावरून. मी थोरल्यावरून धरलं, कारण थोरल्यात गोष्ट जास्त रंगत होती.

दुसऱ्या दिवशी देवगडची एसटी धरली. पाऊस नुकताच संपला होता. चाळीस वर्षांत गिऱ्हाईक माझ्याकडे आलं होतं, मी कोणाच्या दारात गेलो नव्हतो.

दार उघडलं ते पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा लावलेल्या बाईने. मी नाव सांगितलं तशी ती हसली आणि आत वळून म्हणाली, "मा, कसालचे गिटारवाले मेस्त्री इले." मग मला म्हणाली, "तुमीच ना सांगलास, माझ्याच वयाची म्हणान? मा थंयसून इली ती ह्यांच सांगत इली. मी शाळेत सगळ्यांका सांगलंय. काका होते तेव्हा तेंकाय सांगलंय, तोंडार."

मी आत पाहिलं. हमीदाचाची पलंगावर बसलेली होती, आणि माझ्याकडे असं बघत होती की मी दारात खिळलो. मला कळलं. मी जे बोललो ते तिने एसटीतच गिळलं होतं आणि घरी येऊन उलटं सांगितलं होतं. मुलीला खरा बाप दिला होता आणि खोटा नवरा स्वतःकडे ठेवला होता, दोन वर्षं.

"होय," मी नसीमला म्हटलं. "ताच. जरा परत एकदा बघूक इलंय."

"बसा. च्या करतंय," म्हणून ती आत गेली.

गिटार कपाटावर होती. खाली काढली तर पेटीवर धूळ, आणि आत सगळ्या स्क्रूंवर गंज चढलेला. मागे पाहिली तेव्हा इतक्या जुन्या गिटारीवर गंजाचा ठिपका नव्हता, हे मला त्या वेळी खटकायला हवं होतं. मी खिशातला रुमाल ओला करून धडाच्या कडेला घासत राहिलो. काळपट थर सुटला आणि खालून फिकट निळा रंग आला, कारखान्यातला, अखंड. कोणी काही फासलेलं नव्हतं.

"चाची, हिका काय लावत होतास?"

"मोरीचां तेल."

मोरी म्हणजे शार्क. तिच्या काळजाचं तेल आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्यांना चोपडतात, खाऱ्या हवेत लाकूड आणि खिळा टिकावा म्हणून. वडिलांच्या मांडवात त्याची पिंपं असायची. मी त्या वासात रांगलो, त्या वासात जेवलो. म्हणून तो वास मला वास वाटलाच नाही. मांजरीला वाटला.

"बोटीर जाताना सांगान गेललो, लाकूड सांभाळ म्हणान," ती म्हणाली. "माका दुसरां काय म्हायत? होडयेक लावतत तां लावलंय. दर मे म्हयन्यात. तुमच्याकडे इलंय थंयपर्यंत."

"आणि मगे?"

"मगे कशाक लावू?"

आत कपबशा वाजत होत्या. मी आवाज खाली आणला.

"चाची, तुमच्या घराची होडी होती ना? तिचां वय कसां धरूचात?"

"पाण्यात उतरली त्या दिसापासून."

"आणि लाकूड कधी तोडलेला?"

"तां कोण विचारता?"

"मी विचारलंय. तीच माझी चूक." मग मी तिला सगळं सांगितलं, डब्यांचा ढीग, मानेचा शिक्का, पेद्रूबाबची पावती. "ही गिटार नसीमच्या जन्माच्या दोन महिने आधीपर्यंत नव्हतीच. आणि अकरा महिन्यांनी ती तुमच्या घरात होती. म्हणजे नवीच घेतलेली. अशी नवी अमेरिकन गिटार तेव्हा मुंबयच्या जुन्या बाजारात खंयसून येतली? तो बाकी जल्मात काय काय बोललो तां माका म्हायत नाय. हां बोललो तां खरां होतां. खोटां मी बोललंय."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल. मी दोन्हीची तयारी करून गेलो होतो. तिने त्या निळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"ह्यो रंग मी विसारलेलंय," म्हणाली. मग, "दोन मे चुकले."

ती उठली, भिंतीला धरून आत गेली आणि काळी बाटली आणि फडका घेऊन आली.

गिटारीला मासळीचं तेल लावू नये. लाख चिकट होते, धूळ धरते, तारा बिघडतात. जगातला कुठलाही जाणकार हेच सांगेल, मीही चाळीस वर्षं येईल त्याला हेच सांगत होतो. तिने बाटली माझ्यापुढे धरली.

"बरोबर ना, मेस्त्रीनू?"

"बरोबर," मी म्हटलं. फडक्याचे दोन तुकडे केले.

नसीम चहा घेऊन आली तेव्हा हमीदाचाची मान चोळत होती आणि मी धडाची मागची बाजू. निळा पट्टा हळूहळू पुन्हा काळा होत गेला. "मेस्त्री सांगतत, तेल चुकवू नको," आईने मुलीला सांगितलं. मी मान डोलवली.

संध्याकाळी कसालला उतरलो. थांब्यापासून दुकानापर्यंत खानावळीची मांजर माझ्या मागोमाग आली, आणि मी फळीवर टेकलो तशी हात हुंगून मांडीवर चढून बसली. मी तिला हुसकली नाही.